पत आणि क्रमवारी

३ ऑगस्ट १९९६ हा दिवस भारतीय क्रीडारसिक सहसा विसरणार नाहीत. अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसने टेनिसचे कांस्यपदक जिंकले आणि खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील कुस्तीच्या पदकानंतर तब्बल ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. त्या सामन्यात जाळ्याच्या पलीकडे कोण उभे होते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना आठवत असेल. तो होता ब्राझीलचा फर्नांदो मेलिजेनी. पहिला सेट ६-३ असा जिंकल्यावर पुढचे दोन सेट ६-२, ६-४ असे गमावून तो रिकाम्या हातांनी मायदेशी परतला.

जाळ्याच्या पलीकडे उभ्या असणाऱ्या अशा खेळाडूंची संख्या टेनिसमध्ये फार मोठी आहे. करंडक उंचावणारा चेहरा आपल्याला दूरचित्रवाणीवर दिसतो. परंतु त्या एका चेहऱ्यामागे शेकडो व्यावसायिक खेळाडू वर्षभर गावोगावी, देशोदेशी फिरत असतात. हा खेळ हीच त्यांची उपजीविका असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती उपजीविका तोट्यातच चालते. अशाच एका ब्राझीलियन खेळाडूची, तेलियाना परेराची, ही कहाणी आहे. बँकेत बसून रोज इतरांचे ताळेबंद वाचणाऱ्या माझ्यासारख्या अधिकाऱ्याला या कहाणीत खेळाइतकाच हिशेबही रंजक वाटला. म्हणून दोन्ही बाजू वाचकांसमोर ठेवतो.

दुष्काळी भागातून लाल मातीकडे

परेरा हे आडनाव गोव्याच्या आणि वसईच्या वाचकांना परके नाही. पोर्तुगीज सत्तेबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आले, तसेच ते अटलांटिक ओलांडून ब्राझीललाही गेले. तेलियानाचा जन्म २० जुलै १९८८ चा. तिचे बालपण ब्राझीलच्या ईशान्य भागातील पेर्नांबुको राज्याच्या अंतर्भागात गेले. या कोरड्या प्रदेशाला तेथे ‘सेर्ताओ’ म्हणतात. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू आणि दुष्काळ पडला की माणसांचे लोंढे दक्षिणेकडील शहरांकडे निघालेले. मराठवाड्यातील किंवा माणदेशातील वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तेलियानाचे वडील जोझे हेदेखील कामाच्या शोधात असेच दक्षिणेला गेले. घरापासून हजारो किलोमीटर अंतरावरील कुरितिबा या शहरात त्यांना एका टेनिस अकादमीत काम मिळाले. अकादमी चालवीत होते दिदिए रायों हे फ्रेंच प्रशिक्षक. मागोमाग पत्नी आणि मुलेही आली. त्या वेळी तेलियाना सात-आठ वर्षांची होती. टेनिस म्हणजे काय हेही तिला ठाऊक नव्हते. अकादमीत येणाऱ्या श्रीमंतांच्या मुलांचे चेंडू गोळा करता करता तिने रॅकेट हाती घेतली. तिच्यातील गुण रायों यांनी हेरले आणि तिला शिकविण्यास प्रारंभ केला. तिचे काही भाऊही याच खेळात आले. त्यांतील रेनातो पुढे तिचा प्रशिक्षक झाला.

ब्राझीलच्या टेनिसला मोठी परंपरा आहे. परंतु ती सलग नाही. साओ पावलोच्या मारिया एस्थर ब्युएनो यांनी १९५९ ते १९६६ या काळात विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धा मिळून एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदे पटकावली. पुरुषांमध्ये फ्लोरियानोपोलिसच्या गुस्ताव्हो कुर्तेनने १९९७, २००० आणि २००१ अशी तीनदा फ्रेंच स्पर्धा जिंकली. महिला टेनिसमध्ये मात्र ब्युएनो यांच्यानंतर दीर्घ ओसाडी होती. नियेजे दियास यांनी १९८८ मध्ये बार्सिलोना येथे जिंकलेले विजेतेपद हे महिलांच्या मुख्य मालिकेतील ब्राझीलचे एकेरीचे अखेरचे विजेतेपद ठरले होते. योगायोग असा की, तेलियानाचा जन्म त्याच वर्षीचा.

जमा-खर्चाची वही

टेनिसची रचना एखाद्या उंच शिडीसारखी असते. तळाच्या पायरीवर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धा. तेलियाना कारकिर्दीच्या आरंभी ज्या स्पर्धा खेळत होती, त्यांतील सर्वांत लहान स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम दहा हजार डॉलर असे. हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही, कारण ही रक्कम साऱ्या खेळाडूंमध्ये वाटली जाते. विजेतीच्या पदरात जेमतेम दीड हजार डॉलर पडत आणि पहिल्याच फेरीत हरणारीला शंभर डॉलरही मिळत नसत. तेवढ्यात हॉटेलच्या दोन रात्रींचे भाडेही भागणे कठीण.

खर्चाची बाजू पाहिली म्हणजे चित्र आणखी स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ या वर्षाची आकडेवारी घेऊन सविस्तर पाहणी केली होती. तीनुसार त्या वर्षी जगभरात ४,८६२ महिला व्यावसायिक स्पर्धांत खेळल्या. त्यांतील २,२१२ जणींना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. विमानप्रवास, निवास, भोजन, रॅकेटच्या तारा, कपडेलत्ते हे सारे धरून एका खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तेवीस-चोवीस लाख रुपये होता. प्रशिक्षकाचे वेतन यात धरलेलेच नाही. हा खर्च बक्षिसांतून भरून निघावा, तर महिलांमध्ये क्रमवारीत साधारण २५३ व्या स्थानापर्यंत आणि पुरुषांमध्ये ३३६ व्या स्थानापर्यंत पोहोचावे लागत असे. वाणिज्य शाखेच्या भाषेत बोलायचे तर हा ‘ना नफा, ना तोटा’ बिंदू. त्याखाली असलेल्या हजारो खेळाडूंचा धंदा तोट्यातला. याच पाहणीत असेही दिसले की, बक्षीस मिळविणाऱ्या महिलांपैकी सर्वांत वरच्या एक टक्का खेळाडूंकडे एकूण बक्षीस रकमेच्या निम्म्याहून अधिक वाटा जातो.

ब्राझीलच्या खेळाडूपुढे आणखी एक अडचण असते ती भूगोलाची. मोठ्या स्पर्धा युरोप, उत्तर अमेरिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात होतात. स्पेन किंवा इटलीची मुलगी आगगाडीने जाऊन आठवड्याला एक स्पर्धा खेळू शकते. कुरितिबाहून निघालेल्या मुलीला महासागर ओलांडावा लागतो आणि एकदा गेल्यावर परतीचा खर्च परवडत नाही, म्हणून महिनोन् महिने घराबाहेर राहावे लागते.

आपल्याकडे अनेक राष्ट्रीयीकृत बँकांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. आपल्या सहकाऱ्यांमध्येही कोणी राज्य पातळीवर कबड्डी किंवा हॉकी खेळलेले असेल. अशा खेळाडूला महिन्याच्या अखेरीस वेतन असते. व्यावसायिक टेनिसपटूला मात्र मालक नसतो आणि वेतनही नसते. आजारी पडला, तर त्या आठवड्याचे उत्पन्न शून्य. ब्राझीलमध्येही सार्वजनिक संस्थांनी खेळाला हात दिला आहे. ‘बांको दो ब्राझील’ ही बँक व्हॉलीबॉलची आणि कुर्तेनची पुरस्कर्ती होती, तर तेथील टपाल खात्याने टेनिस महासंघाला दीर्घकाळ अर्थसाहाय्य दिले. परंतु असे साहाय्य बहुधा यश मिळाल्यानंतर येते. यशाच्या आधीची वर्षे खेळाडूलाच निभावावी लागतात.

गुडघा, माघार आणि पुनरागमन

२००७ मध्ये रिओ दि जानेरो येथे झालेल्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेत तेलियानाने जोआना कोर्तेझच्या साथीने दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. आता ती वर जाणार, असे वाटत असतानाच गुडघ्याने दगा दिला. २००९ च्या सुमारास तिला शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले आणि दीर्घकाळ कोर्टबाहेर बसावे लागले.

खेळाडूसाठी असा काळ दुहेरी नुकसानीचा असतो. टेनिसच्या क्रमवारीत मिळविलेले गुण केवळ ५२ आठवडे टिकतात. आपल्याकडील मुदत ठेव मुदतीअंती व्याजासह परत मिळते. टेनिसमधील गुणांची ठेव मुदत भरली की मुद्दलासह नाहीशी होते. वर्षभर खेळला नाहीत, तर खाते जवळजवळ रिकामे. तेलियानाला पुन्हा तळाच्या पायरीवरून चढावे लागले. ज्या छोट्या गावांत, मोजक्या प्रेक्षकांपुढे ती विशीच्या आत खेळली होती, तेथेच ती पुन्हा उभी राहिली. या छोट्या मालिकेत तिने कारकिर्दीत एकेरीची वीसहून अधिक विजेतेपदे मिळविली. त्यांतील एकाही विजयाची बातमी आपल्यापर्यंत पोहोचली नसेल. परंतु तिची शिडी याच विजयांनी बांधली गेली.

२०१३ मध्ये ती जगातील पहिल्या शंभर जणींत आली. १९९० मधील आंद्रेया व्हियेरानंतर असे यश मिळविणारी ती पहिलीच ब्राझीलियन महिला. २०१४ च्या आरंभी ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या मुख्य फेरीत तिने प्रवेश केला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या लाल मातीवर थायलंडच्या लुक्सिका कुमखुम हिला हरवून फ्रेंच स्पर्धेची पहिली फेरी जिंकली. एखाद्या ब्राझीलियन महिलेने ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत सामना जिंकल्याला तेव्हा पंचवीस वर्षे होऊन गेली होती.

यानंतर आला १९ एप्रिल २०१५ चा रविवार. स्थळ कोलंबियाची राजधानी बोगोता. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे हवा विरळ असल्याने चेंडू वेगाने उडतो, त्यावर ताबा ठेवणे कठीण जाते आणि धाप लवकर लागते. तेलियाना त्या वेळी जागतिक क्रमवारीत १३० व्या स्थानावर होती. उपांत्य फेरीत तिने अग्रमानांकित एलिना स्वितोलिनाला पराभूत केले. अंतिम सामन्यात कझाकस्तानच्या यारोस्लाव्हा श्वेदोव्हावर ७-६, ६-१ अशी मात केली. २७ वर्षांचा दुष्काळ संपला होता. दुष्काळी प्रदेशातून आलेल्या मुलीने तो संपविला, हे विशेष.

आता पुन्हा वहीकडे वळू. या विजेतेपदाची रक्कम होती ४३ हजार डॉलर. वर सांगितलेला प्रशिक्षकाविना होणारा सरासरी वार्षिक खर्च आठवा. आयुष्यातील सर्वांत मोठ्या विजयाने तिच्यासारख्या खेळाडूचा साधारण एका वर्षाचा खर्च भागला, एवढाच त्याचा आर्थिक अर्थ!

त्याच वर्षी ऑगस्टच्या प्रारंभी कुर्तेनच्या गावी, फ्लोरियानोपोलिस येथे, घरच्या प्रेक्षकांसमोर तिने जर्मनीच्या आनिका बेकला तीन सेटमध्ये हरवून दुसरे विजेतेपद मिळविले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती जगात ४३ व्या स्थानी पोहोचली. हेच तिचे सर्वोच्च स्थान.

शिखरावरचा मुक्काम अल्प ठरला. २०१६ मध्ये फ्रेंच स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत तिची गाठ सेरेना विल्यम्सशी पडली आणि ती ६-२, ६-१ अशी हरली. रिओ ऑलिंपिकमध्ये ती स्वदेशातच खेळली, पण पहिल्या फेरीतच तिचे आव्हान संपले. बोगोता आणि फ्लोरियानोपोलिसचे गुण ५२ आठवड्यांनंतर गळून पडले आणि वर्षअखेरीस ती पहिल्या शंभरांच्या बाहेर होती. त्यानंतरही ती छोट्या स्पर्धा खेळत राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली.

त्याच वयाचा, त्याच देशाचा

ही कहाणी येथे संपविता आली असती. परंतु तिच्याच बरोबरीच्या आणखी एका ब्राझीलियन खेळाडूचा उल्लेख केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

जोआंव सौझा याचाही जन्म १९८८ चाच. २०१५ हे त्याच्याही उत्कर्षाचे वर्ष. मार्च महिन्यात ब्युनोस आयरेस येथे डेव्हिस करंडकाच्या लढतीत तो अर्जेंटिनाच्या लिओनार्दो मायेरविरुद्ध खेळला. पहिले दोन सेट गमावल्यावर त्याने पुढचे दोन जिंकले आणि पाचवा सेट १५-१३ असा हरला. सुमारे पावणेसात तास चाललेला हा सामना डेव्हिस करंडकाच्या इतिहासातील एकेरीचा सर्वांत दीर्घ सामना ठरला. महिन्याभरात सौझा ६९ व्या स्थानावर पोहोचला. देशासाठी एवढे झगडणारा खेळाडू म्हणून त्याचे कौतुक झाले.

पाच वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, त्याच सौझावर टेनिसमधून आजन्म बंदी आली आणि दोन लाख डॉलरचा दंड झाला. २०१५ ते २०१९ या काळात ब्राझील, मेक्सिको, अमेरिका आणि चेक प्रजासत्ताक येथील छोट्या स्पर्धांमध्ये सामने निश्चित केल्याचा, इतर खेळाडूंनाही तसे करण्यास सुचविल्याचा आणि चौकशीत पुरावे नष्ट केल्याचा ठपका त्याच्यावर ठेवण्यात आला.

टेनिसमधील भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. खालच्या स्तरावरील तुटपुंजे उत्पन्न आणि मोठा खर्च यांतून या गैरप्रकाराला पोषक जमीन तयार होते, असे समितीने स्पष्ट केले. तळाच्या स्पर्धांतील प्रत्येक गुणाची माहिती क्षणार्धात सट्टेबाजांपर्यंत पोहोचू लागल्यापासून, जो सामना पाहायला प्रेक्षकही नसतात त्यावरही जगभरातून पैसे लागतात. पहिल्या फेरीत हरून शंभर डॉलर मिळणाऱ्या खेळाडूला एक सेट मुद्दाम हरण्यासाठी कितीतरी पट रक्कम कोणी देऊ केली, तर त्याच्या मनात काय चालत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

कर्जप्रस्ताव तपासताना आम्हाला एक गोष्ट प्रथम शिकविली जाते. अर्जदाराच्या कागदपत्रांतून त्याची ऐपत कळते. त्याची पत मात्र त्याच्या आजवरच्या वागणुकीतून कळते. मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, बाजारातील विश्वास आणि समाजातील प्रतिष्ठा, आणि हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात हे आपल्या भाषेचे शहाणपण आहे. सौझा ६९ व्या स्थानावर पोहोचला होता, म्हणजे ‘ना नफा, ना तोटा’ बिंदूच्या पुष्कळ वर. त्याच्याहून शेकडो पायऱ्या खाली उभे राहून, तोट्यात खेळून, सरळ मार्गाने हरणारे आणि जिंकणारे खेळाडू हजारोंनी आहेत. परिस्थितीमुळे मोह समजू शकतो. त्यामुळे दोष माफ होत नाही.

वाट मोकळी झाली

अलीकडच्या काळात खालच्या क्रमांकाच्या खेळाडूंचा विचार होऊ लागला आहे. २०२० मध्ये कोविडमुळे स्पर्धा बंद पडल्या, तेव्हा टेनिसच्या प्रमुख संस्थांनी एकत्र येऊन सुमारे आठशे खेळाडूंसाठी साठ लाख डॉलरहून अधिक रकमेचा मदतनिधी उभारला. पुरुष खेळाडूंच्या संघटनेने २०२४ पासून पहिल्या २५० क्रमांकांपर्यंतच्या खेळाडूंना किमान वार्षिक उत्पन्नाची हमी देणारी योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. त्या वर्षासाठी हमीची रक्कम पहिल्या शंभरांना तीन लाख डॉलर, तर १७६ ते २५० क्रमांकांना ७५ हजार डॉलर ठरविण्यात आली. विमा आणि निवृत्तिवेतन यांचे मोल जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तेलियानाच्या फ्लोरियानोपोलिसमधील विजयानंतर ब्राझीलच्या महिलांना पुढील विजेतेपदासाठी सात वर्षे वाट पाहावी लागली. २०२२ मध्ये बियात्रिस हद्दाद माइयाने नॉटिंगहॅमची स्पर्धा जिंकली, २०२३ मध्ये फ्रेंच स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि जगातील पहिल्या दहा जणींत स्थान मिळविले. तत्पूर्वी टोकियो ऑलिंपिकमध्ये लौरा पिगोसी आणि लुईसा स्तेफानी या जोडीने दुहेरीचे कांस्यपदक पटकावून ब्राझीलला टेनिसमधील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. मेलिजेनीच्या हातून १९९६ मध्ये निसटलेले कांस्य अखेर ब्राझीलला लाभले ते २०२१ मध्ये, दोन मुलींमुळे. या मुली कुमारवयात असताना ‘आपल्या देशातील महिलाही पहिल्या शंभरांत जाऊ शकते’ हे दाखवून देणारी खेळाडू तेलियाना होती.

बोगोताच्या विजयाचे गुण ५२ आठवड्यांनी क्रमवारीतून पुसले गेले. बक्षिसाची रक्कम तिकिटांत आणि हॉटेलांच्या बिलांत केव्हाच संपली असेल. कुरितिबाच्या अकादमीत इतरांचे चेंडू गोळा करणाऱ्या मुलीचे नाव मात्र १९८८ आणि २०२२ यांच्या मधोमध, ब्राझीलच्या विजेत्यांच्या यादीत, दोनदा लिहिलेले आहे. त्या नोंदीला मुदत नाही.